वुडस्टॉकची डॉक्युमेंटरी: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

'वुडस्टॉक' या १९७० सालच्या डॉक्युमेंटरीचं नाव काढलं की ठरलेले प्रश्न येतातच. त्यातले निम्मे ती ज्याच्यावर बनली त्या १९६९ च्या म्युझिक फेस्टिव्हलबद्दल असतात, निम्मे फिल्मबद्दल, आणि बहुतेकांच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकच असतात. त्या एक नाहीत, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांत मी फिरून फिरून हेच सांगतोय, त्यामुळे थोडं रिपीट होईल, चालवून घ्या.

सर्च केलं की वुडस्टॉक नावाच्या चार-पाच फिल्म येतात, तुम्ही नक्की कुठलीबद्दल बोलताय?

मायकल वॉडलीने डायरेक्ट केलेली, २६ मार्च १९७० ला रिलीज झालेली. पूर्ण नाव 'वुडस्टॉक: थ्री डेज ऑफ पीस अँड म्युझिक'. अँग लीची २००९ ची आहे ती कथापट आहे, त्यात अ‍ॅक्टर आहेत, ती ही नव्हे. आणि नेटफ्लिक्सवर लोकांनी जाळपोळ केलेली बघितली असेल तर ती १९९९ च्या वुडस्टॉकवरची सिरीज, नाव तेच पण प्रकरण पूर्ण वेगळं. ते बघून कुणी मला 'हिप्पी लोक फारच हिंसक होते हो' असं म्हणालं की काय उत्तर द्यावं कळत नाही.

फेस्टिव्हल काय होता ते दोन ओळीत सांगा ना

१५ ते १८ ऑगस्ट १९६९, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं बेथेल गाव, तिथे मॅक्स यासगर नावाच्या डेअरीवाल्याचं शेत. मायकल लँग, आर्टी कॉर्नफेल्ड, जोएल रोझेनमन आणि जॉन रॉबर्ट्स या चार तरुण पोरांनी आयोजन केलं. तीस-बत्तीस कलाकार आणि बँड, चार लाखांच्या आसपास पब्लिक, पाऊस, चिखल, खायचे वांधे, संडासाचे त्याहून जास्त वांधे, आणि तरीही मारामारी नाही. शेवटच्या गोष्टीमुळे ते गाजलं.

वुडस्टॉक गावात झालंच नाही असं ऐकलंय, खरं का?

खरंय. वुडस्टॉक गाव बेथेलपासून सरळ रेषेत सुद्धा जवळपास ७० किलोमीटर लांब आहे. नाव ठेवलं कारण त्या भागात कलाकार मंडळी राहायची, बॉब डिलनचं घर तिकडे होतं आणि नावाला वजन होतं. वुडस्टॉकमध्ये जागा जमेना, मग वॉलकिल गावात एक जागा ठरली, तिकिटं विकली, स्टेजचं काम सुरू झालं, आणि फेस्टिव्हलला बरोब्बर एक महिना उरला असताना १५ जुलैला तिथल्या लोकांनी नियम काढून परवानगी मोडीत काढली. मग यासगरने ६०० एकरांतली जमीन भाड्याने दिली. उतरती हिरवी जमीन, खाली सपाटी, मागे तळं, निसर्गाने आधीच बांधून ठेवलेलं थिएटर. फिल्मच्या सुरुवातीला त्या रिकाम्या उतारावर स्टेज उभं राहताना दिसतं, तो भाग लोक फॉरवर्ड करतात, करू नका.

तिकीट होतं की फुकट होतं?

दोन्ही. तीन दिवसांचं आधी घेतलं तर १८ डॉलर, गेटवर २४. एक लाख ८६ हजार तिकिटं आधीच विकली गेली होती. पण जागा एका महिन्यात बदलल्यामुळे आयोजकांपुढे प्रश्न होता की स्टेज पूर्ण करायचं की कुंपण, कारण माणसं आणि वेळ दोन्ही कमी. त्यांनी स्टेज निवडलं, आणि मग गेटच नाही तर तिकीट कुठे तपासणार, हजारो लोक आधीच येऊन बसले होते. शेवटी स्टेजवरून जाहीर केलं की आता हा फ्री कॉन्सर्ट आहे. ही अनाउन्समेंट फिल्ममध्ये आहे आणि खाली टाळ्यांचा कडकडाट आहे. त्या वेळी आयोजकांच्या पोटात काय गोळा आला असेल याचा विचार करत तो सीन बघा, वेगळीच मजा येते.

एवढ्या गोंधळात शूटिंग केलं तरी कसं?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांब होणार.

वॉडली तेव्हा २६-२७ वर्षांचा कॅमेरामन होता. वॉर्नर ब्रदर्सशी डील अगदी शेवटच्या घटकेला झाली, म्हणजे टीम आधी शेतावर पोचली आणि पैसे नंतर. डझनभर कॅमेरे, बहुतेक एक्लेअर कंपनीचे, १६ एमएम म्हणजे अरुंद फिल्मवर चालणारे. हे कॅमेरे खांद्यावर घेऊन फिरता यायचं आणि आवाज कमी करायचे म्हणून डॉक्युमेंटरीवाल्यांचे लाडके. पण यात चारशे फुटांचं मॅगझिन (फिल्मच्या रिळाचा डबा) बसतं, म्हणजे जेमतेम अकरा मिनिटांचं शूट. आणि १९६९ चे बँड! एकेक गाणं दहा-दहा मिनिटं, कधी संपेल याचा भरवसा नाही, त्यामुळे स्टेजच्या कडेला बसलेल्या कॅमेरावाल्याला सतत अंदाज बांधावा लागायचा की आत्ता रोल बदलू की थांबू, कारण बदलायच्या त्या अर्ध्या मिनिटात गिटारवाला नेमकं काहीतरी भारी करणार. रिळंसुद्धा अमर्याद नव्हती. प्रत्येक बँडचं प्रत्येक गाणं शूट करणं शक्यच नव्हतं, म्हणजे निवड तिथेच, स्टेजच्या कडेला, झोप न झालेल्या माणसांनी केली.

बरं, साउंड वेगळा रेकॉर्ड होत होता, साउंड इंजिनिअर एडी क्रेमरच्या हाताखाली आठ ट्रॅकवर. फिल्म वेगळी, आवाज वेगळा, आणि दोन्ही नंतर जुळवण्यासाठी खूण म्हणून क्लॅप-बिप देण्याची सोय नाही, स्टेजवर द हू हा बँड वाजवत असताना कोण मध्ये जाऊन क्लॅप देणार? त्यामुळे नंतर न्यूयॉर्कमध्ये एडिटर मंडळींनी ओठांची हालचाल, ड्रमच्या काठीचा फटका, गिटारवरची बोटं बघून बघून एकेक शॉट आवाजाशी जुळवला. एकूण फुटेज १२० तासांच्या आसपास. कंप्युटर नाही. हे सगळं करून मार्चमध्ये फिल्म थिएटरात, म्हणजे सात महिन्यांत. नाकी नऊ आले असणार.

स्क्रीनचे दोन-तीन तुकडे का केलेत? डोळे दुखतात

मोबाईलवर बघत असाल तर दुखणारच. ते मोठ्या पडद्यासाठी केलंय. १६ एमएमची फ्रेम जवळपास चौकोनी असते, थिएटरचा पडदा लांबट, म्हणजे एकच फ्रेम ताणली तर दाणे दिसणार आणि बाजूची जागा वाया जाणार, पण दोन फ्रेम शेजारी शेजारी ठेवल्या तर पडदा छान भरतो. हे झालं तांत्रिक कारण. दुसरं कारण असं की एवढ्या मोठ्या ठिकाणी एका वेळी एकच गोष्ट घडत नाही. डावीकडे बँड वाजवतोय, उजवीकडे त्याच वेळी कुणीतरी तळ्यात अंघोळ करतंय, आणि तुमची नजर आपोआप एकीकडून दुसरीकडे जाते, जशी तिथे बसलेल्या माणसाची गेली असती.

टेन इयर्स आफ्टर या बँडचं गाणं बघा. त्यांचा गिटारवाला अल्विन ली मध्ये, आणि दोन्ही बाजूंना तोच, आरशात दिसावा तसा उलटा. तो सुटतो तेव्हा पडदा पण सुटतो. याउलट गायक जो कॉकरच्या गाण्यात कॅमेरा त्याला सोडतच नाही, कारण तिथे तुकडे केले असते तर त्या माणसाच्या हातांचं जे चाललंय ते हरवलं असतं. म्हणजे सरसकट गिमिक नाहीये, कुठे करायचं आणि कुठे नाही याची जाण आहे. काही ठिकाणी अती झालंय हे मात्र मान्य, विशेषतः नुसती गर्दी दाखवताना.

ही स्कॉर्सेसीची फिल्म आहे ना?

नाही. मार्टिन स्कॉर्सेसी असिस्टंट डायरेक्टर आणि एडिटरांपैकी एक होता, त्याचं नाव क्रेडिटमध्ये आहे, पण तेव्हा तो आजचा मोठा डायरेक्टर स्कॉर्सेसी झालेला नव्हता. एडिटिंगमधलं मोठं नाव म्हणजे थेल्मा स्कूनमेकर, तिला या फिल्मसाठी ऑस्करचं एडिटिंगचं नॉमिनेशन मिळालं, डॉक्युमेंटरीला हे नॉमिनेशन मिळणं फार दुर्मिळ. साउंडचं नॉमिनेशन पण होतं. जिंकलं ते बेस्ट डॉक्युमेंटरीचं. स्कूनमेकर पुढे 'रेजिंग बुल'पासून स्कॉर्सेसीच्या जवळजवळ सगळ्या फिल्म एडिट करत आली. वॉडलीने मात्र त्यानंतर हॉलिवुडमध्ये 'वुल्फेन' ही एकच फीचर फिल्म केली, १९८१ ला. काही लोकांचं असंच असतं, एकदा षटकार मारला आणि पॅव्हेलियनमध्ये निघून गेले.

फिल्ममध्ये दाखवलंय त्याच क्रमाने सगळं झालं का?

अजिबात नाही, आणि हे कळलं की फिल्म दुसऱ्यांदा बघायला जास्त मजा येते.

गायक रिची हेवन्स पहिला आला हे खरं, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला. पण फिल्ममध्ये पहिल्या तासाभरातच येणारे द हू प्रत्यक्षात शनिवारची रात्र सरून रविवारची पहाट होताना वाजवत होते. शा ना ना, ते केस चोपडून जुनी गाणी म्हणणारे, फिल्ममध्ये जो कॉकरच्या आधी येतात, पण खरं म्हणजे ते सोमवारी सकाळी गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सच्या जस्ट आधी होते. कॉकर रविवारी दुपारी, आणि त्याच्यानंतर खरंच मोठं वादळ आलं, तेवढा जोड बरोबर ठेवलाय. हेंड्रिक्स शेवटी, तेही खरं.

म्हणजे एडिटरनी तीन दिवसांचा एक नवीन दिवस बनवलाय. त्यात सकाळ आहे, पाऊस आहे, रात्र आहे, शेवट आहे, पण तो त्यांच्या टेबलावर तयार झालाय. मला यात फसवणूक वाटत नाही, घटना खऱ्या आहेत. फक्त 'मी वुडस्टॉक बघितलं' असं म्हणताना आपण स्कूनमेकर आणि मंडळींनी रचलेला एक दिवस बघितलाय एवढं लक्षात ठेवायचं. तिथे मागच्या उतारावर बसलेल्या माणसाला यातलं निम्मं दिसलं पण नसेल.

रवी शंकर तिथे होते ना? फिल्ममध्ये का नाहीत?

होते. शुक्रवारी रात्री, पावसात. तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. हो, कुलकर्णी! वुडस्टॉकच्या स्टेजवर एक कुलकर्णी बसल्या होत्या हे सांगितलं की आपल्याकडे लोकांचा विश्वास बसत नाही, पण कलाकारांच्या यादीत नाव आहे.

फिल्ममध्ये मात्र पंडितजी नाहीत. आणि गंमत म्हणजे दोन वर्षं आधीच्या मॉन्टेरे फेस्टिव्हलवरची फिल्म, डी. ए. पेनबेकरची 'मॉन्टेरे पॉप', तिचा शेवटच रवी शंकरांवर आहे, पाव तासाच्या वर सतार आणि तबला, जिमी हेंड्रिक्ससकट सगळ्यांच्या नंतर. तिथे आधी कॅमेरा पब्लिकवरच फिरत राहतो, वादक बराच वेळ दिसतच नाहीत, आणि मग हळूहळू स्टेजवर येतो. संथ सुरुवातीपासून जोरकस शेवटापर्यंत पब्लिकच्या चेहऱ्यावर काय होत जातं ते बघण्यासारखं आहे.

वुडस्टॉकला ते जमणं अवघड होतं. रात्र, पाऊस, भिजणारी वाद्यं, आणि पंडितजींना स्वतःला तो अनुभव आवडला नव्हता, चिखलात लोळणारी ती गर्दी बघून आपल्याकडच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या असं त्यांनी नंतर सांगितलंय. नशा करून शास्त्रीय संगीत ऐकणं हा प्रकार त्यांना मुळातच मान्य नव्हता आणि ते तसं उघड बोलायचे. मला विचाराल तर फिल्ममध्ये त्यांची पाच मिनिटं तरी हवी होती, कारण फिल्ममध्ये योगा आहे, प्राणायाम शिकवणारा एक गोरा पोरगा आहे, फेस्टिव्हलच्या सुरुवातीला स्वामी सच्चिदानंदांचं भाषण झालं होतं, म्हणजे भारताची हवा सगळीकडे, आणि प्रत्यक्ष भारतातून आलेलं संगीत नेमकं गायब.

आणखी कोण कोण गायब आहे?

बरेच. क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल हा बँड नाही कारण त्यांचा गायक जॉन फोगर्टीला आपला परफॉर्मन्स पसंत नव्हता, ग्रेटफुल डेड या बँडनंतर मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांचा नंबर लागला आणि तोवर अर्धं पब्लिक झोपलेलं. त्यांचा पूर्ण सेट शेवटी २०१९ साली अल्बम म्हणून आला, आणि ऐकलात तर म्हणाल की यात वाईट काय होतं. ग्रेटफुल डेडचा सेट मात्र खरंच फसला, ओल्या स्टेजवर करंट बसत होता म्हणे, ते स्वतःच ती रात्र विसरायचा प्रयत्न करायचे (त्यांचा जेरी गार्सिया वेगळ्याच कारणाने एका शॉटमध्ये दिसतो, हातात काय आहे ते तोच सांगतो). नील यंगने शूटिंगला नकार दिला, म्हणून त्याच्या बँडमधले क्रॉसबी, स्टिल्स आणि नॅश तिघेच दिसतात. जॅनिस जॉप्लिन आणि जेफरसन एअरप्लेन मूळ फिल्ममध्ये नव्हते, नंतरच्या व्हर्जनमध्ये आले. बीटल्स आणि डिलन फेस्टिव्हललाच नव्हते, त्यामुळे शोधू नका.

वेळ कमी आहे, कुठले परफॉर्मन्स बघितलेच पाहिजेत?

रिची हेवन्स. बाकीचे ट्रॅफिकमध्ये अडकले म्हणून याला आधी चढवला आणि उतरूच देईनात. जेवढी गाणी येत होती तेवढी संपली, मग एका जुन्या भजनाच्या चालीवर 'फ्रीडम' हा एकच शब्द घेऊन त्याने तिथल्या तिथे गाणं रचलं. गिटारवर त्याचा डावा अंगठा बघा, सगळ्या तारा वरून अंगठ्यानेच दाबतोय. पाठीवर कपडा घामाने चिकटलाय, पाय थांबत नाहीये.

सँटाना. कार्लोस सँटाना २२ वर्षांचा, बँडचा पहिला अल्बम अजून बाजारात यायचा होता, म्हणजे समोरच्या लाखो लोकांपैकी बहुतेकांना हे कोण तेच माहीत नाही. ड्रमवर मायकल श्रीव्ह, वय २०, दिसतो त्याहून लहान. त्याचा सोलो सुरू होतो तेव्हा फिल्म पण त्याच्याबरोबर श्वास घेते, हळू होतो तेव्हा हळू, आणि मग पूर्ण बँड परत आदळतो. कार्लोसने नंतर सांगितलंय की तो तेव्हा मेस्कलिनच्या नशेत होता आणि गिटारची मान सापासारखी वळवळत होती, चेहऱ्यावरचे ते हावभाव सापाला धरून ठेवायचे आहेत. वाजवलंय मात्र चोख.

जो कॉकर, वर सांगितलंच. आणि स्लाय अँड द फॅमिली स्टोन, पहाटे साडेतीनच्या सुमाराला, झोपलेल्या डोंगराला उठवून नाचायला लावलं. पूर्ण फिल्ममध्ये पब्लिक आणि स्टेज खऱ्या अर्थाने एकमेकांना उत्तर देतायत असा भाग हाच.

हेंड्रिक्सने अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा अपमान केला म्हणतात ते काय आहे?

अपमान म्हणायचा की काय ते ऐकून ठरवा. फेस्टिव्हल रविवारी रात्री संपायचा होता, पावसाने लांबला, आणि हेंड्रिक्स सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला आला, तोवर बहुतेक पब्लिक घरी गेलेलं. गिटारवर राष्ट्रगीताची धून सरळ सुरू होते, आणि मूळ गाण्यात जिथे बॉम्ब आणि रॉकेटचा उल्लेख येतो तिथे तो गिटारमधून बॉम्ब पडल्यासारखे आवाज काढतो, परत धुनेवर येतो. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, त्यामुळे प्रत्येकाने आपापला अर्थ काढला. स्वतः हेंड्रिक्स पूर्वी सैन्यात पॅराट्रूपर होता, ही गोष्ट टीका करणारे हमखास विसरतात.

फिल्म युद्धाच्या विरोधात आहे का?

भाषण देत नाही, पण युद्ध सगळीकडे आहे. सक्तीची भरती होती, समोर बसलेल्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर टांगती तलवार. जोन बाएझ सहा महिन्यांची गरोदर, नवरा भरतीला नकार दिला म्हणून जेलमध्ये, आणि ती शांतपणे स्टेजवरून त्याची खुशाली सांगते. कंट्री जो मॅकडॉनल्ड एकटा गिटार घेऊन येतो, शिव्यांचा गजर करून घेतो आणि युद्धावरचं अत्यंत काळं, विनोदी गाणं म्हणतो, खाली शब्द येतात आणि त्यावर एक चेंडू उड्या मारत जातो, लहान मुलांच्या कार्यक्रमात असतो तसा.

पण मला विचाराल तर युद्धाबद्दलचा सगळ्यात मोठा सीन गाण्याचा नाहीच. तात्पुरते संडास साफ करणारा एक माणूस आहे, मध्यमवयीन, हसतमुख, काम करता करता बोलतोय. त्याचा एक मुलगा या गर्दीतच आहे कुठेतरी, आणि दुसरा व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर. दोन्ही एकाच सुरात सांगतो, ना तक्रार ना अभिमान, आणि पुढच्या संडासाकडे वळतो. तीन तासांच्या फिल्ममध्ये मी कुणाला एकच भाग दाखवायचा झाला तर हा दाखवीन. मात्र याची दुसरी बाजूही आहे, त्या माणसाला आपल्याला असं जगासमोर दाखवलेलं आवडलं नाही आणि तो फिल्मवाल्यांविरुद्ध कोर्टात गेला. डॉक्युमेंटरीत ज्याचा चेहरा दिसतो त्याची परवानगी हा विषय तेव्हाही होता.

घरच्यांबरोबर बघू शकतो का?

आईबाबा बिनधास्त असतील तर बघा. तळ्यात नागडी अंघोळ करणारी मंडळी आहेत, गांजा उघड उघड आहे, शिव्या आहेत. अमेरिकेत रिलीजच्या वेळी आर रेटिंग होतं, म्हणजे लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. आजी-आजोबांसोबत दिवाणखान्यात नको, किंवा लावलीत तर रिमोट स्वतःकडे ठेवा.

फिल्मने सगळं गोड करून दाखवलंय असं नाही वाटत?

थोडं वाटतं. दोन मृत्यू तर सगळेच मोजतात, एक नशेच्या ओव्हरडोसने, आणि एक पोरगा स्लीपिंग बॅगमध्ये झोपलेला असताना अंगावरून ट्रॅक्टर गेला. फिल्म यावर थांबत नाही. उलट स्टेजवरून मुलं जन्मल्याच्या बातम्या दिल्या गेल्या आणि त्या लगेच दंतकथा झाल्या, पण 'मी वुडस्टॉकला जन्मलो' असं सिद्ध करणारा माणूस अजून कुणाला सापडला नाही.

पण एकतर्फी पण म्हणता येणार नाही. गावातले लोक आहेत, त्यात एकजण पोरांना शिव्या घालतोय, दुसरा तिथेच त्याच्याशी भांडतोय, पोलीस अधिकारी चक्क पोरांचं कौतुक करतोय. ब्राऊन अ‍ॅसिड (एलएसडी ही नशा) चांगलं नाहीये, सांभाळा, अशी वॉर्निंग माइकवरून देतायत, म्हणजे प्रॉब्लेम लपवलेला नाही. शेवटी हेंड्रिक्स वाजवत असताना कॅमेरा त्या शेतावर फिरतो, कचरा, ओल्या गोधड्या, एकेकटे बूट, आणि त्यात काहीतरी शोधणारी मोजकी माणसं. गोडच दाखवायचं असतं तर तो भाग कापला असता.

पैसे कुणी कमावले?

ज्यांनी फेस्टिव्हल केला त्यांनी नाही. आयोजकांच्या डोक्यावर १३ लाख डॉलरच्या आसपास देणं झालं आणि ते फिटायला दहाएक वर्षं गेली. फिल्मचा खर्च सहा लाख डॉलरच्या घरात, आणि एकट्या अमेरिकेत धंदा केला सुमारे पाच कोटी डॉलरचा. तेव्हा स्टुडिओची परिस्थिती नाजूक होती, त्यामुळे वॉर्नरसाठी ही लॉटरीच. पैशाच्या विरोधात बसलेल्या लाखो पोरांची फिल्म विकून एक कॉर्पोरेशन सावरलं, यावर हसायचं की रडायचं ते आपलं आपण ठरवावं.

कुठलं व्हर्जन बघू?

मूळ तीन तासांचं आहे. १९९४ चा डायरेक्टर्स कट पावणेचार तासांचा, त्यात जॉप्लिन, जेफरसन एअरप्लेन आणि हेंड्रिक्सचा जास्तीचा भाग. सध्या सहज मिळतं ते बहुतेक हेच. पहिल्यांदा बघत असाल तर मध्ये इंटरव्हल घ्या, टीव्हीवर बघा, आणि आवाज चांगल्या स्पीकरवर.

साउंडट्रॅकचा अल्बम म्हणजे फिल्ममधलाच आवाज ना?

पूर्णपणे नाही. १९७० चा तीन रेकॉर्डचा अल्बम आला त्यात एक-दोन गाणी वुडस्टॉकची नाहीतच, क्रॉसबी, स्टिल्स, नॅश अँड यंगचं 'सी ऑफ मॅडनेस' न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या हॉलमधलं आहे.

शेवटी वाजतं ते वुडस्टॉकवरचं गाणं कुणाचं?

लिहिलं जोनी मिचेलने, फिल्ममध्ये आवाज क्रॉसबी, स्टिल्स, नॅश अँड यंगचा. मिचेल स्वतः फेस्टिव्हलला गेलीच नव्हती, टीव्हीवरचा शो चुकेल म्हणून मॅनेजरने थांबवलं, आणि तिने न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून बातम्या बघत ते लिहिलं. न गेलेल्या माणसाने लिहिलेलं गाणं त्या फेस्टिव्हलची ओळख झालं.

आपल्याकडे असं काही झालं होतं का?

१९७१ साली लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा ओपन एअर रॉक फेस्टिव्हल झाला, त्याला लोक अजून भारताचं वुडस्टॉक म्हणतात. पण त्यावर अशी फिल्म नाही, त्यामुळे आज लोणावळ्याच्या लोकलमधून मळवली स्टेशन बघणाऱ्या कुणाला हे माहीत असण्याची शक्यता शून्य. माझं म्हणणं हेच, फेस्टिव्हल खूप झाले, लक्षात राहिले ते ज्यांचं फुटेज होतं आणि जे कुणीतरी नीट एडिट केलं.

मग याला तोड म्हणून दुसरं काय बघू?

दोन फिल्म. 'गिमी शेल्टर', १९७०, मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन. वुडस्टॉकनंतर चारच महिन्यांनी, ६ डिसेंबर १९६९ ला कॅलिफोर्नियात ऑल्टमाँटला रोलिंग स्टोन्सचा फ्री कॉन्सर्ट झाला, सिक्युरिटीला हेल्स एंजल्स ही बाइकवाल्यांची टोळी, आणि स्टेजसमोर एका तरुणाचा खून झाला, तो कॅमेऱ्यात आलाय. वुडस्टॉक बघून डोळे पाणावले असतील तर दुसऱ्या दिवशी ही बघा.

आणि 'समर ऑफ सोल', २०२१, क्वेस्टलव्हची. त्याच १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये एका बागेत सहा रविवार ब्लॅक संगीताचा महोत्सव झाला, स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, महालिया जॅक्सन, आणि वुडस्टॉक गाजवलेला तोच स्लाय स्टोन. जवळपास ४० तासांचं फुटेज होतं, व्हिडिओवर व्यवस्थित शूट केलेलं, पण विकतच कुणी घेईना, म्हणून ते पन्नास वर्षं पडून राहिलं. नंतर तिलाही बेस्ट डॉक्युमेंटरीचं ऑस्कर मिळालं. शक्य असेल तर 'समर ऑफ सोल' आधी बघा आणि 'वुडस्टॉक' नंतर, लोक नेहमी उलटं करतात.